मंदीचा विसर की मंदीचा हिशेब?

बोलपट आल्यानंतरच्या पहिल्या पाचसहा वर्षांत हॉलिवूडमध्ये नाचगाण्याच्या चित्रपटांची लाट आली. त्यांतले बरेचसे नाटकमंडळींच्या आयुष्यावरचे होते: तालमी, विंगेतली भांडणं, आयत्या वेळी जायबंदी होणारी नायिका आणि तिच्या जागी उभी राहून एका रात्रीत नाव काढणारी कोरसमधली पोर. या चित्रपटांविषयीचं रूढ मत असं की, महामंदीनं गांजलेल्या प्रेक्षकाला दोन घटका दुःखाचा विसर हवा होता आणि तो त्यांनी पुरवला. कथानक म्हणजे गाणी टांगण्याची खुंटी, बाकी सगळा झगमगाट.

हे मत आधी तारखांपाशीच अडखळतं. मेट्रो-गोल्डविन-मेयरचा 'द ब्रॉडवे मेलडी' पडद्यावर आला फेब्रुवारी १९२९ मध्ये. वॉर्नर ब्रदर्सचा 'ऑन विथ द शो' त्याच वर्षीच्या मे महिन्यातला. रूबेन मामूलियनचा 'अप्लॉज' ऑक्टोबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये लागला. वॉल स्ट्रीटचा शेअरबाजार कोसळला तो त्याच ऑक्टोबरच्या शेवटी. म्हणजे ज्या दुखण्यावर हे औषध होतं असं सांगतात, ते दुखणं सुरू होण्याआधीच औषध बाजारात आलेलं होतं.

मंदी बळावत गेली तेव्हा तर उलटंच घडलं. १९३० मध्ये प्रेक्षक गाण्यांना इतका विटला की, स्टुडिओ तयार चित्रपटांतून गाणी कापू लागले. 'फिफ्टी मिलियन फ्रेंचमेन' हे कोल पोर्टरच्या संगीतानं गाजलेलं नाटक. १९३१ मध्ये ते पडद्यावर आलं ते गाण्यांवाचून. 'रीचिंग फॉर द मून'मधली अर्व्हिंग बर्लिनची बहुतेक गाणीही अशीच गळाली. यावर कोणी म्हणेल की, हा निव्वळ अतिउत्पादनाचा परिणाम होता. कबूल. पण मग दुःखी माणसाला विसर हवाच असतो आणि नाचगाणं तो देतंच, हा नियम टिकत नाही. लोकांच्या हातची कामं जात होती, त्याच काळात त्यांनी या चित्रपटांकडे पाठ फिरवली होती.

लाट परतली १९३३ मध्ये. अमेरिकेत चौघांतला एक कामगार तेव्हा बेकार होता. परतलेल्या चित्रपटांनी मंदी झाकली असती, तर रूढ मताला काही जीव उरला असता. त्यांनी ती थेट रंगमंचावर आणली. 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट'मधला दिग्दर्शक जुलियन मार्श आजारी आहे. डॉक्टर विश्रांती घ्यायला सांगतात, पण त्याची कमाई वॉल स्ट्रीटनं गिळली आहे, म्हणून तो नाटक हाती घेतो. नाटकाचा पैसा येतो मुलांच्या खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या एका रंगेल कारखानदाराकडून, आणि नायिकेनं त्याची मर्जी राखली तरच तो येत राहतो. जायबंदी नायिकेच्या जागी कोरसमधल्या पेगी सॉयरला रंगमंचावर ढकलण्याआधी मार्श तिला जे बजावतो, त्यात कीर्तीच्या स्वप्नाआधी दोनशे माणसांच्या नोकऱ्यांचा हिशेब येतो. शेवटी नाटक गाजतं, पेगी गाजते. मार्श मात्र थिएटरबाहेर एकटा बसून, बाहेर पडणारे प्रेक्षक श्रेय दुसऱ्यांना देतात ते ऐकतो.

त्याच वर्षीच्या 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३'ची सुरुवात होते पैशाच्या सुकाळाच्या गाण्यानं. नर्तकींच्या अंगावर नाण्यांचे पोशाख. पण ती तालीम आहे, आणि गाणं संपायच्या आत जप्तीची माणसं येऊन थकलेल्या बाकीपोटी तेच पोशाख काढून नेतात. पुढच्या प्रसंगात एकाच खोलीत राहणाऱ्या तीन नर्तकी शेजाऱ्याची दुधाची बाटली लांबवून सकाळ भागवतात. मधल्या भागात प्रेमं जमतात, श्रीमंतांची फजिती होते. चित्रपट संपतो तो मात्र लग्नाच्या वरातीवर नव्हे. संपतो पहिल्या महायुद्धातून परतलेल्या आणि आता अन्नाच्या रांगेत उभ्या असलेल्या शिपायांवरच्या गाण्यानं. आदल्याच वर्षी आपला बोनस मागायला वॉशिंग्टनला जमलेल्या माजी सैनिकांना लष्करानं हुसकावून लावलं होतं. विसरच द्यायचा असता, तर या जखमेला शेवटची जागा कोणी दिली असती?

हे एका स्टुडिओचं १९३३ पुरतं धाडस होतं, असंही म्हणता येत नाही. मंदीपूर्वीच्या 'ऑन विथ द शो'मध्ये मंडळीचे पगार थकले आहेत, गल्ल्यावर दरोडा पडतो आणि नायिका पैसे मिळाल्याशिवाय उभी राहायला तयार नाही. 'अप्लॉज'मधली किटी डार्लिंग ही उतारवयातली बर्लेस्क नर्तकी; वय झालं की बाई निकामी ठरवणाऱ्या धंद्यात ती शेवटी विष घेते. 'द ब्रॉडवे मेलडी'तली थोरली बहीण धाकटीसाठी आपला प्रियकर सोडते आणि पुन्हा दौऱ्यावर निघते. पगार, वय आणि काम ही या प्रकाराची मूळचीच चिंता होती. मंदीनं ती शोधली नाही, फक्त घरोघरी पोचवली.

मग खुंटीच्या आक्षेपाचं काय? त्यात तथ्य आहे. माणसं मध्येच गाऊ लागली तर प्रेक्षक हसेल, अशी हॉलिवूडला धास्ती होती. पात्रं नाटकातलीच असली की गाण्याला सबब मिळे. संगीत नाटकांवर वाढलेल्या आणि 'अयोध्येचा राजा'मधली गाणी सहज स्वीकारणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला ही धास्ती मजेशीर वाटेल. पण गाण्याचं कारण दाखवायचं म्हणजे ते कसं बसवतात, त्यात कोणाचे पाय सुजतात आणि पैसा कोण घालतो, हेही दाखवणं आलं. सबब म्हणून घेतलेल्या कथानकानं एक अख्खा धंदा पडद्यावर आणला.

नृत्यदिग्दर्शक बसबी बर्कलीची नृत्यं या सगळ्याच्या विरोधी पुरावा म्हणून पुढे केली जातात. त्याचा कॅमेरा छताला जातो, डझनावारी नर्तकी फुलासारख्या उमलतात, आणि थिएटरातल्या कोणत्याही खुर्चीवरून हे दिसणं शक्य नसतं. इथे झगमगाट आहे, नाकारत नाही. पण तासभर तालमी पाहिल्यानंतर ही नृत्यं पाहणारा प्रेक्षक त्या रचनेतल्या प्रत्येक पायाची मजुरी जाणून असतो.

शिवाय हे चित्रपट स्वतःच्या माध्यमाबद्दलही गप्प नाहीत. 'फूटलाइट परेड'मधल्या चेस्टर केंटचा नाटकांचा धंदा बोलपटांनीच बुडवलेला आहे. पोटासाठी तो चित्रपटाआधी दाखवायचे छोटे रंगमंची कार्यक्रम बसवू लागतो. प्रत्यक्षातही चित्रपटगृहांतल्या वादकांची कामं बोलपटानं हिरावली होती, आणि व्हॉडव्हिल या विविधरंजनी खेळांचं माहेरघर असलेलं न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर १९३२ मध्ये चित्रपटगृह झालं होतं. ज्यानं रंगमंचाची रोजी घेतली, त्याच पडद्यावर रंगमंचाच्या रोजीची गोष्ट चालली होती.

पलायनाचा सिद्धांत त्या काळच्या प्रेक्षकाला भाबडा ठरवतो. प्रेक्षक तितका भाबडा नव्हता. या चित्रपटांतला आनंदी शेवट प्रेम जमण्यानं पुरा होत नाही, नाटकाचा पडदा वर जाण्यानं होतो. कारण पडदा वर गेला तरच सगळ्यांचे पगार निघतात, हे त्याला घरच्या अनुभवानं ठाऊक होतं.