चावी आपली, कोड कंपनीचा

वारज्यातल्या एका वाचकाचा मेसेज आला, "भाऊ, गाडीची एकच चावी होती, ती हरवली. नवीन करायला काही हजार सांगतायत. सोन्याची आहे का?" सोन्याची नाही. पैसे धातूचे नाहीतच.

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडरची चावी म्हणजे निव्वळ धातूचा तुकडा. १९८३ला आलेल्या मारुती ८०० चंही तेच. रस्त्याकडेच्या चावीवाल्याकडे कोरी चावी, कानस आणि नजर असली की काम झालं. अर्थात चोराचंही तितक्याच सहज व्हायचं, हे मान्य केलं पाहिजे.

युरोपात चोऱ्या वाढल्या तसा इमोबिलायझर आला. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये १९९८पासून नव्या कारला तो सक्तीचा झाला. आपल्याकडे मारुतीने 'आयकॅट्स' नावाने आणला. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात बारीकशी चिप असते, तिला सेल लागत नाही. कुलपाभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते, ती आपली ओळख सांगते आणि गाडीच्या कंट्रोल युनिटला पटली तरच इंजिन चालू राहतं. म्हणजे चावीवाल्याने दात हुबेहूब कापले तरी दार उघडेल, पण गाडी हलणार नाही. चिपची नोंद गाडीत करावी लागते, त्याला मशीन लागतं आणि बऱ्याच गाड्यांना पिन कोडही. तो कोड असतो कंपनीकडे. खरी किंमत तिथं आहे!

ही मक्तेदारी फक्त चावीची नाही. २०११मध्ये शमशेर कटारिया या ग्राहकाने होंडा, फोक्सवॅगन आणि फियाटविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ला आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड लावला. मारुती, टाटा, महिंद्रा सगळे त्यात. कंपन्यांनी बौद्धिक संपदेचं आणि सुरक्षिततेचं कारण दिलं होतं, आयोगाला ते पटलं नाही. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेरी झाली. दंड राहू द्या, पण भाग आणि यंत्रं खुल्या बाजारात द्या हा आदेश आपल्या कामाचा होता. त्याचा फायदा आपल्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत किती पोचला, ते तुमच्या मेकॅनिकलाच विचारा. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२मध्येच गाड्यांसाठी तसा कायदा केला.

चोरापासून संरक्षण हवंच. पण गाडीचे पूर्ण पैसे भरलेल्या मालकाला स्वतःच्या गाडीचा कोड मागायला लागावा, हे मला पटत नाही.

तोवर एक करा. एक चावी चालू असतानाच दुसरी करून घ्या. दोन्ही गेल्या तर काम वाढतं, कधी गाडी टो करून न्यावी लागते. नवी गाडी घेताना चावीसोबत नंबरचा बिल्ला किंवा कार्ड मिळालं असेल तर ते आरसीबरोबर घरी ठेवा, गाडीत नको. गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही चाव्या मागतात. सेकंडहॅंड घेणाऱ्यांनो, सौदा करतानाच दुसरी चावी मागा.