मालवणीचे घर कोणते?

शुभवर्तमाने आपल्यापर्यंत ग्रीक भाषेतून आली. तरी ‘आब्बा’, ‘एफ्फाथा’ हे शब्द संत मार्कने मूळ अरामी रूपातच ठेवले आणि त्यांचा अर्थ शेजारी दिला. प्रभू येशूच्या घरची ती बोली. ती केव्हाच मृत झाली, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. सिरियातील मालूला गावी पश्चिम अरामी, तुर्कस्तानातील तूर अब्दीन प्रदेशात तुरोयो, इराकच्या निनवे पठारावर कॅल्डियन व अ‍ॅसिरियन बोली लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले. २०१३ साली मालूलावर आणि २०१४ साली काराकोशवर सशस्त्र टोळ्या चालून आल्या व घरेदारे सोडून माणसे परागंदा झाली.

विकिपीडिया या संगणकीय ज्ञानकोशात नव्या भाषेस प्रवेश हवा असेल, तर तिला आंतरराष्ट्रीय सूचीतील संकेत असावा लागतो, ती इतर भाषांहून पुरेशी भिन्न असावी लागते आणि सहसा ती मातृभाषा म्हणून बोलणारी माणसे हयात असावी लागतात. गंमत अशी, की हा नियम घट्ट होण्यापूर्वीच प्राचीन अरामीच्या संकेताखाली एक कोश उघडला गेला होता. चुलीपाशी बोलल्या जाणाऱ्या आजच्या अरामी बोलींना मात्र आपली पात्रता एकेक करून सिद्ध करावी लागते.

हे वाचताना आम्हांला आपल्या सिंधुदुर्गाची आठवण होते. मालवणीचे घर कोणते? ग्रिअर्सनने १९०५ च्या आपल्या भाषा-सर्वेक्षणात कोकणीलाच मराठीच्या खंडात बसविले; साहजिकच आपल्या बोलीही तेथेच गेल्या. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीस स्वतंत्र साहित्यभाषा मानले आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. २००१ च्या जनगणनेने मालवणी कोकणीच्या पोटात मोजली. मालवणी माणूस मात्र आपली गणना मराठीतच करतो, शाळा मराठीत शिकतो आणि गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ मराठी रंगभूमीचे नाटक म्हणूनच पाहतो. मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले, तेव्हा ही भाषा की बोली, हे तिकीट काढताना कोणी विचारले नाही!

ज्ञानकोशाच्या दारात मात्र विचारले जाते. सूचीत ‘कोकणी’ या छत्राखाली दोन संकेत आहेत: एक गोव्याच्या कोकणीचा, दुसरा इतर कोकणीचा. गोव्याच्या कोकणीचा कोश कित्येक वर्षे चाचणीच्या अवस्थेत राहून २०१५ साली स्वतंत्र झाला. त्याआधी २०१३ साली गोवा विद्यापीठाने आपल्या कोकणी विश्वकोशाचे चार खंड मुक्त वापरास दिले होते. लेखनास लागणारी शिदोरी तेथे तयार होती. देवनागरी, रोमी आणि कन्नड या तीनही लिप्यांना त्या कोशात जागा आहे. मालवणीस वेगळा संकेत नाही, म्हणजे स्वतःचे दारही नाही.

हा पेच कॅथलिकांना नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ साहित्यिक मराठीत रचले, ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे मात्र त्यांनी कोकणीत लिहिली व ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथाला एक भाषा, घराला दुसरी. पुढे १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने कोकणीवरच गदा आणली.

२००५ साली सावंतवाडी येथे सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला. आम्ही प्रवचन मराठीत करतो. परंतु आजारी म्हाताऱ्यांस पवित्र कम्युनियन देण्यास घरी जातो, तेव्हा त्यांच्या तोंडून निघते ती प्रार्थना कुठे कोकणी, कुठे मालवणी वळणाची असते, आणि ती कुठल्याच पुस्तकात छापलेली नाही. संकेताची वाट पाहत बसण्यापेक्षा ही प्रार्थना, माशांची व माडाच्या अवयवांची नावे, ओव्या कोणीतरी वहीत उतरवून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. देवनागरीत उतरवा की रोमीत, यावर सध्या भांडू नये.