केसरबाई आणि कोल्हापूर

गोव्यातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकर आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात आल्या आणि अब्दुल करीम खाँकडे गाणे शिकू लागल्या. ही तालीम जेमतेम आठ महिने टिकली. पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे, मुंबईत सतारिये बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले. शिकणे होत राहिले, पण तुकड्यातुकड्यांनी.

गंमत अशी, की ज्यांनी त्यांचे गाणे खऱ्या अर्थाने घडवले ते अल्लादिया खाँही कोल्हापूरचेच, शाहू महाराजांचे दरबारगायक! त्यांची तालीम मात्र १९२१ साली सुरू झाली. बाईंची तिशी जवळ आली होती. एवढ्या नामवंतांकडे शिकून झाल्यावर या वयात खुल्या 'आ'काराची, मात्रेमात्रेला लयीत गुंफलेली खाँसाहेबांची जयपूर गायकी नव्याने घोटायची, याला वेगळीच जिगर लागते.

या जिगरीने घडलेले गाणे पुढे पृथ्वीबाहेरही गेले: १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांसोबत अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रणांच्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. त्याच तबकडीवर पाश्चात्त्य संगीतकार बाखही आहे.