देवदूताचा पंख आणि डोंगरांचे दुःख

रेम्ब्रांचे ‘इजिप्तला पलायन’ हे सुमारे १६५३ सालचे एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले चित्र. त्यावर लिहिणाऱ्यांचा सूर बहुधा ठरलेला असतो: हेरोद राजाच्या धास्तीने रातोरात निघालेल्या योसेफ, मरीया आणि तान्ह्या येशूची अगतिकता त्या उदास मुलखात उतरली आहे. ऐकायला छान वाटते. अडचण एवढीच की, त्यातला बराचसा मुलूख या कथेसाठी काढलेलाच नाही.

तांब्याचा पत्रा मूळचा डच चित्रकार हर्क्युलीस सेगर्सचा. चित्रकार एल्सहायमरच्या चित्रावरून हेंड्रिक हाउटने १६१३ मध्ये कोरीव प्रत केली होती. तिच्या आधारे सेगर्सने या पत्र्यावर टोबियास आणि देवदूत काढले. पुढे पत्रा रेम्ब्रांच्या हाती आला. त्याने उजवीकडच्या दोन्ही थोराड आकृती खरवडल्या आणि तिथे झाडी व चिमुकले कुटुंब आणले. डावीकडचा प्रदेश मात्र जवळपास तसाच ठेवला. त्या झाडीत वरच्या बाजूला नीट पाहावे, देवदूताच्या पंखाच्या रेघा अजून दिसतात.

आता टोबियासची कथा काही भेदरलेल्यांची नव्हे. प्रवासात सोबतीला देवदूत राफाएल आहे, हाती मासा आहे आणि त्याच माशाच्या पित्ताने आंधळ्या बापाला दृष्टी यायची आहे. मग या शुभ प्रवासाचे डोंगर पलायनाचा शोक कधीपासून करू लागले?

पूर्वपक्ष इथे कूस बदलतो: शोक सेगर्सचाच म्हणा! त्याचे दारिद्र्य, दारू, जिन्यावरून पडून आलेला मृत्यू हे सारे चित्रकार-लेखक होखस्ट्रातेनने १६७८ मध्ये लिहिलेच आहे. लिहिले खरे, पण सेगर्स गेल्यावर चाळीसएक वर्षांनी. शिवाय ती हकिकत आपल्याला पटते ती त्याच्या ओसाड दऱ्या पाहूनच. आणि दऱ्या उदास वाटतात त्या हकिकत ठाऊक असल्यामुळे. आपल्या नैयायिकांनी याला अन्योन्याश्रय दोष म्हटले असते.

रेम्ब्रांने हा पत्रा जाणूनबुजून निवडला, हे मान्य. १६५६ च्या त्याच्या मालमत्तेच्या यादीत सेगर्सची आठ चित्रे आहेत. सेगर्सची दृष्टी तो ओळखून होता. पण भीती आणली ती त्याने प्रमाण बदलून. मुलखाला पुरून उरणारी माणसे गेली, झाडाखाली हरवतील एवढी आली, आणि न बदललेला प्रदेश आपोआप अफाट झाला.

उरलेले काम शाईचे. रेम्ब्रांने इथे वापरलेली ड्रायपॉइंटची सुई तांब्यावर ओरखडा काढते तेव्हा कडेला धातूची बारीक कोर उठते. ती शाई धरून ठेवते आणि रेघ मखमली काळी उमटते. थोड्याच छापांत ही कोर झिजते. म्हणून आरंभीच्या छापेत गडद असलेली सावली नंतरच्या छापेत फिकी पडते. ‘चित्रातील रात्र’ यावर पानेच्या पाने लिहिणारे आपण कोणती छाप पाहिली, एवढेही सांगत नाहीत.