नोंदवहीतली तूट

जुलै २०२१मध्ये फलटण तालुक्यातल्या सासवड गावाजवळ हिंदुस्थान पेट्रोलियमच्या भूमिगत वाहिनीला चोरट्यांनी भोक पाडले. पेट्रोल जमिनीत मुरले, विहिरींत उतरले. त्या वेळच्या बातम्यांनी आकडा दिला सुमारे २,००० लिटरचा. तिथे चोरी होती, गुन्हा होता, म्हणून त्या गळतीला तारीख मिळाली. पंपाखाली पुरलेली टाकी गंजून झिरपू लागते तेव्हा कुणी फिर्याद देत नाही. तिची तारीख कागदांतूनच काढावी लागते.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावी हा शोध घ्यायचा तर हाताशी काय असते? जागेचा सातबारा, बिनशेतीचा आदेश, जिल्हाधिकाऱ्यांचे ना हरकत प्रमाणपत्र, नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय सुरक्षा यंत्रणेने मंजूर केलेला नकाशा व परवाना. टाक्या कुठे, पाइप कुठून, हे नकाशा सांगतो. त्याहून बोलकी असते पंपावरची रोजची नोंदवही. सकाळचा डिप म्हणजे पट्टीने मोजलेली टाकीतली पातळी, खाली झालेला टँकर, मशीनचे रीडिंग, डेन्सिटी, टाकीत पाणी आहे का ते पेस्ट लावून पाहिल्याची नोंद.

हे सगळे कागद कुणाच्या ना कुणाच्या धास्तीतून जन्मले आहेत. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याला धास्ती आगीची, म्हणून नकाशात सुरक्षित अंतरे काटेकोर. पुढे धास्ती भेसळीची. २५ जानेवारी २०११ला मनमाडजवळ पानेवाडीत मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले, इतकी ती खरी. डेन्सिटीचा रकाना त्या चिंतेतला. जमिनीखालच्या पाण्याची चिंता कागदावर फार उशिरा आली. राष्ट्रीय हरित लवादातल्या खटल्यानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधीच्या टाक्यांबद्दल जुन्या वह्यांना जे विचारायचे, ते त्या लिहिणाऱ्यांच्या मनातही नव्हते.

म्हणून वही जरा तिरकी वाचावी लागते. तेल कंपन्यांच्या नियमांत टाकीतल्या साठ्याच्या ४ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. साठा १०,००० लिटर असेल तर ४०० लिटर इकडे-तिकडे झाले तरी वही निर्दोष! अमेरिकेने १९८८च्या नियमांत महिन्याच्या उलाढालीचा १ टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे साधारण ४९० लिटर, एवढी मर्यादा ठेवली होती. पण केवळ वहीवर विसंबू दिले नाही, ठराविक वर्षांनी टाकी गळते का याची चाचणीही सक्तीची केली. एका दिवसाच्या आकड्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. उन्हाने, डिप घेणाऱ्याच्या हाताने फरक कधी अधिक येतो, कधी उणा. बाहेर झिरपणारी गळती मात्र उणेच दाखवते. उण्याची ओळ महिनोन्‌महिने सलग दिसली, तर प्रत्येक आकडा मर्यादेत असूनही संशय घ्यावा.

पेस्टचा रकाना त्याहून महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. टाकीचा खड्डा मुरुमात खोदलेला असतो. पावसाळ्यात त्यात पाणी साचते आणि टाकीला भोक असेल तर आत शिरते. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की त्याच भोकातून इंधन बाहेर. पावसाळ्यात टाकीत पाणी सापडले की ते झाकणातून आले असे गृहीत धरले जाते. असेलही. पण त्याच टाकीची उन्हाळ्यातली तूट शेजारी ठेवून पाहिली पाहिजे.

बीड जिल्ह्याचा खडक बेसाल्ट. वर काळी माती, खाली मुरुम, मग भेगाळ कातळ. पेट्रोल भेगांतून उतरते आणि पाण्यावर तरंगते. पाणीपातळी हलली की तेही वरखाली होत खडकाला माखते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरमध्ये मोजते. ते आकडे वहीशेजारी मांडले तर ऋतूंचा मेळ बसतो की नाही ते कळते. गावच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत भर नायट्रेट, फ्लोराइड, क्षारांवर. पेट्रोलमधले घातक बेंझीन कुणी शोधत नाही. आजच्या पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत चालते. म्हणजे लिटरमागे सुमारे ८.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलमधले बेंझीन जवळपास ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊ शकते.

कागदांनी बोट दाखवले की मगच बोअर. निदान तीन, तेही एका रेषेत नकोत, नाहीतर पाणी कुठल्या दिशेने वाहते ते ठरत नाही. त्यातला एक पंपाच्या चढाकडे हवा. नमुन्याची बाटली काठोकाठ भरायची, वर हवेची जागा उरली तर बेंझीन त्यात उडते. शेजारी ट्रॅक्टरचे गॅरेज असेल तर तिथल्या जळक्या ऑइलचाही नमुना घ्यावा. प्रयोगशाळेत ते आणि डिझेल वेगळे ओळखू येतात, आणि चढाकडचा बोअरच खराब निघाला तर गळतीचा उगम पंपाबाहेर शोधावा लागतो.