मांजा तुटला तर?

मकानीचा कोड चाळताना मी एका शब्दापाशी अडकलो: ‘ऑफ-टेदर’. पतंगाच्या उड्डाणाची प्रत्येक अवस्था त्या कोडमध्ये आहे. वर चढणं, गोल घिरट्या घालणं, खाली उतरणं. आणि ही एक: मांजा तुटला तर काय करायचं.

हा पतंग कागदाचा नव्हता. पंखांचा पसारा 26 मीटर, त्यावर आठ रोटर, क्षमता 600 किलोवॅट.

त्यामागचं मूळ गणित 1980 सालचं. वाऱ्याला आडवा, वेगाने उडणारा पतंग किती वीज देऊ शकेल, याचा हिशोब अमेरिकेतल्या माइल्स लॉइड यांनी मांडला होता. पवनचक्कीच्या पात्याचं टोक सगळ्यात वेगाने फिरतं आणि जास्त वीज त्या बाहेरच्या भागातूनच मिळते. मग तेवढाच भाग दोरीला बांधून फिरवला तर? टॉवर नको, म्हणजे शेकडो टन पोलाद वाचलं. 2006 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या मकानीने हेच करायला घेतलं. 2013 मध्ये गूगलने कंपनी विकत घेतली.

पण टॉवर एक काम गुपचूप करत असतो. वारा पडला की साधी पवनचक्की नुसती थांबते. पतंगाला थांबता येत नाही. त्याला वीज खर्चून तरंगत राहावं लागतं, नाहीतर सुखरूप उतरावं लागतं. शिवाय जनित्रांचं वजनही त्यालाच उचलायचं. लोखंडाचा खर्च वाचला, पण ती जबाबदारी सॉफ्टवेअरच्या डोक्यावर आली. सॉफ्टवेअर चुकलं की सगळा पतंगच जातो. एम600 अपेक्षेपेक्षा जड निघाला आणि वीज कमी देऊ लागला. ऑगस्ट 2019 मध्ये नॉर्वेच्या समुद्रात चाचणी झाली. दुसऱ्या उड्डाणाच्या शेवटी पतंग पाण्यात पडला. दरम्यान साध्या तीन पात्यांच्या पवनचक्क्या मोठ्या आणि स्वस्त होत गेल्या होत्या. फेब्रुवारी 2020 मध्ये अल्फाबेटने हात काढून घेतला.

पुढे जे झालं, त्यामुळेच मी हे लिहू शकतोय. त्या टीमने अहवालाचे तीन खंड, उड्डाणांच्या नोंदी आणि कोड, अपघातांच्या माहितीसकट, जगासमोर ठेवला. पेटंटवरून कुणालाही कोर्टात खेचणार नाही, असंही जाहीर केलं. आमच्या धंद्यात बंद पडलेला प्रोजेक्ट बहुधा कुलूपबंद होतो आणि पुढची टीम त्याच चुका नव्याने करते. इथे मात्र शनिवारी दुपारी, घरी बसून, ‘ऑफ-टेदर’ मला वाचता आला.