पहिलवानाचे रक्त आणि विसावा

आपल्या ठाणे-कल्याणकडच्या गावांत जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग इनामाच्या. आज ठाण्या-डोंबिवलीतली शाळकरी मुले संध्याकाळी ज्यूदो-कराटे शिकायला जातात. माती जाऊन गादी आली, पण पोराचे रक्त तेच आहे. कठोर मेहनतीने त्या रक्ताचे काय होते?

आधी एक हकिकत ऐका. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या इशीशी दीर्घ वेळ झुंजले. त्यानंतर लगेच त्यांना रशियाच्या मल्लापुढे उभे केले, असे सांगतात. नियमाने अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला आपला अधिकारीच हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. तरीही कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

तुम्ही म्हणाल, अर्ध्या तासाने असे काय बिघडते? डॉक्टरांना हा प्रश्न जुनाच आहे. 1881 साली लांब कूच करून आलेल्या एका जर्मन शिपायाची लघवी तांबूस झालेली आढळली. पाय आपटून तांबड्या पेशी फुटल्या होत्या. कराटेत हात आपटणाऱ्यांतही पुढे हेच दिसले. 1902 साली बॉस्टनच्या एका डॉक्टरने छापले की, लांब शर्यत धावलेल्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात. जणू अंगात रोगच शिरला आहे.

या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. जबर मेहनतीनंतर त्यांतल्या काही जाती रक्तात तात्पुरत्या घटतात आणि विश्रांतीने पुन्हा पूर्ववत होतात. पण आठवडेच्या आठवडे उसंत नसेल, तर लाळेतले रोगजंतूंना अडवणारे द्रव्यही कमी पडू लागते. मग स्पर्धेच्या तोंडावर नेमके पडसे धरते.

मेहनतीने रक्तातले पाणी वाढते, म्हणून हिमोग्लोबिन थोडे कमी दिसते; तो रोग नव्हे. परंतु बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या शंभर मिलिलिटर रक्तात ते 12 ग्रॅमच्या खाली गेले, तर तो पंडुरोग समजावा. वयात आलेल्या मुलींना हा धोका अधिक.

सर्वांत घातक म्हणजे वजनगटासाठी उपाशी राहणे नि पाणी तोडणे. 1997 साली अमेरिकेत महाविद्यालयांतले तीन तरुण मल्ल याच पायी महिनाभरात दगावले. मग तिथले नियम बदलले.

आपले वस्ताद हे पुस्तकात शिकले नव्हते. तरी जोर-बैठका झाल्या की मालिश, दूध आणि गाढ झोप हा तालमीचा धडाच होता. शिक्षकबंधूंनो, तुमच्या वर्गातला पोर सारखा आजारी पडू लागला, जिना चढताना धापा टाकू लागला, तर त्याला आळशी म्हणू नका. रक्त तपासून घ्या, पोटभर जेवू द्या, दोन दिवस निजू द्या. हेलसिंकीत विसावा मागायला कोणी नव्हते; इथे तुम्ही आहात.